शिकारीच्या आधीचा माग

श्रोतेहो, शिकारीच्या गोष्टी आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. हाका उठतो, झुडपे हलतात, बंदूक कडाडते आणि सांबर कोसळते. शाबासकी मिळते ती बंदूकवाल्याला. पण ते सांबर कुठल्या वाटेने उतरते, पाणी कुठे पिते, दिवसा कोणत्या झाडीत बसते, हे आधी कुणी शोधून ठेवले? आज आपण त्या माणसाकडे आणि त्याच्या विद्येकडे पाहणार आहोत. आपल्याकडे या विद्येला साधा शब्द आहे : माग काढणे.

त्यासाठी पळसदरीला जाऊ. कर्जतच्या पुढचे हे स्थानक घाटाच्या अगदी पायथ्याशी आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ढाक-राजमाचीची रांग. १८५६ साली लोहमार्ग येथून खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ साली बोरघाट चढून वर गेला. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ साली ते कुलाब्यात आले, आणि १९८१ पासून त्याच कुलाब्याला आपण रायगड म्हणतो. आगगाडी आली तशी मुंबईच्या हौशी शिकाऱ्याला ही राने जवळ झाली. त्या काळी या डोंगरांत पट्टेरी वाघ होता, बिबळ्या होता, रानकुत्र्यांच्या टोळ्या होत्या. सांबर, भेकर आणि रानडुक्कर हे त्यांचे भक्ष्य. म्हणजे सांबराच्या मागावर माणूस एकटा नव्हता, हे ध्यानात घ्या.

पाहुणा शिकारी बंदूक आणी, पण रान त्याला ठाऊक नसे. ठाऊक असे ते ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांना. शिकारीचा हंगाम उघडण्याआधीच त्यांचे काम सुरू होई. पाऊस सरला की ओढ्याकाठची माती ओली असते आणि ठसा स्वच्छ उमटतो. उतारावरची वरी-नाचणी पिकू लागलेली असते, तिच्यासाठी सांबर रात्री खाली येते. नराची शिंगे उन्हाळ्याच्या सुमारास गळतात, पावसाळ्यात नवी फुटतात आणि त्यांच्यावर लवदार कातडी असते. पावसाळा संपता संपता ती कातडी नर झाडाला घासून काढतो. खोडाची साल किती उंचीवर सोलली आहे, यावरून नर केवढा असेल याचा अंदाज येतो. पुढे आवळा पिकला, मोहाची फुले गळू लागली, की जनावराच्या वाटा बदलतात. मग मागही नव्याने काढावा लागतो.

आता ठसे कसे वाचायचे? सांबराचा खूर मोठा. भेकराचा करडाच्या खुराएवढा. पिसोरीचा तर बोटाच्या पेराएवढा. नवखा माणूस फसतो तो डुकराच्या ठशाला. डुकराच्या खुरामागे दोन नख्यांच्या खुणा उमटतात आणि त्या बाहेरच्या अंगाला झुकलेल्या असतात. सांबर-भेकरांच्या तशा खुणा बहुधा मऊ चिखलात, नाहीतर जनावर उधळले असेल तेव्हाच दिसतात. ठसा केव्हाचा, हेही कळते. कडा धारदार असल्या तर ताजा. त्यावर दव पडलेले असले तर रात्रीचा. पायवाटेवर आडवे कोळ्याचे जाळे शाबूत असले तर पहाटेपासून तिथून मोठे जनावर गेलेले नाही. लेंड्या ओल्या की सुकलेल्या, तुटलेल्या डहाळीतून चीक गळतो की नाही, सगळे बघायचे. आणि चालण्याआधी चिमूटभर धूळ उडवून वारा कुणीकडचा ते पाहायचे, कारण सांबराचे नाक माणसाच्या डोळ्यापेक्षा तिखट!

वाघ-बिबळ्याच्या मुलखात एवढ्याने भागत नाही. त्याच ओढ्यात चार बोटांचा, नखे न उमटलेला वाटोळा ठसा दिसला की समजावे, मांजराच्या कुळातले मोठे जनावर येऊन गेले. कुत्र्याच्या, तरसाच्या पावलात नखे दिसतात. मग डोळ्यांइतकेच कानही लागतात. बिबळ्या हलला की वानर झाडावरून खकारते, भेकर कुत्र्यासारखे भुंकते. भेकर मात्र कशालाही बिचकून भुंकेल. सांबर पाय आपटून ‘ढांक’ असा आवाज पुन्हा पुन्हा देऊ लागले तर खात्रीने जवळपास शिकारी जनावर आहे. रानकुत्रे मागे लागले तर सांबर पाण्यात शिरून उभे राहते. म्हणून डोहाकाठी सगळीकडे तुडवातुडव दिसली तर मागावरचा माणूस त्या घटनेची कथाच वाचतो. दरीत बिबळ्याने ठाण मांडले तर सांबराची वाट वळते. हे ज्याला कळले नाही त्याचा हाका रिकामा जाई, आणि कधी हाकेकऱ्याच्या जिवावरही बेतत असे.

आता कायद्याकडे वळू. १८७८ च्या वनकायद्याने रानाचे मोठाले भाग राखीव झाले. तेथे नियम मोडून शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरला. १९१२ च्या कायद्याने हरणवर्गासाठी बंद हंगाम ठरविण्याची सोय केली. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांसाठी आपला कायदा करून शिकारीच्या परवान्यांची व्यवस्था लावली. बंद हंगाम आवश्यकच होता. पाडसे जगली नाहीत तर रान ओस पडेल. पण दुसरी बाजूही पाहा. परवान्याला अर्ज लागे, पैसे लागत, बंदूक लागे. ज्याने माग काढला त्याच्यापाशी यातले काहीच नव्हते. त्याने पोटासाठी भेकर मारले तर तो गुन्हेगार, आणि त्याच्याच मागावरून दुसऱ्याने मारले तर तो खेळ! भिंतीवरच्या शिंगांखाली नाव लागे ते बंदूकवाल्याचे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीला जागाच उरली नाही. हे योग्यच झाले. पळसदरीच्या रानात पट्टेरी वाघ आता वस्तीला नाही. बिबळ्या तेवढा या डोंगरांत टिकून आहे. पण शिकार संपली म्हणून मागाची विद्या निरुपयोगी झाली काय? मुळीच नाही. उत्तरेकडच्या रानांत फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात तारेला पाय लागताच आपोआप फोटो निघेल असा कॅमेरा लावला. तो कुठे लावायचा हे सांगणारी खूण शेवटी पायवाटेवरचीच! आजही जनावरांची गणती करणारे स्वयंचलित कॅमेरे अशाच वाटांवर लागतात. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्याजवळ मचाण बांधून नोंदी होतात. पाणवठा कोणता निवडावा, हे जुने ज्ञानच आहे.

मात्र हे ज्ञान पुस्तकात फारसे उतरलेले नाही. ते वाड्यावस्त्यांवरच्या वयस्कर माणसांपाशी आहे. त्यांची मुले वीटभट्टीवर जातात, तेव्हा रान शिकवायला कुणी उरत नाही आणि शिकायलाही कुणी नसते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम करून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास शाळेजवळच्या ओढ्याकाठी मुलांना भर दिवसा, गटाने न्या. दाट झाडीत किंवा दरीत शिरू नका. एखाद्या जाणत्या ठाकराला अथवा कातकऱ्याला त्या दिवशी गुरुजी म्हणून बोलवा, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. दिसतील ते ठसे मुलांनी वहीत काढावेत. जनावराचे नाव, जागा आणि तारीख लिहावी. आणि शेवटी आणखी एक ओळ अवश्य लिहावी : हा माग कुणी दाखविला, त्याचे नाव.