विश्लेषण: ४० वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आज पुन्हा कसा सुरू करतात?

'टीआरएस-८० मॉडेल १००' हा वहीच्या आकाराचा संगणक १९८३ मध्ये अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विक्रीला आला. तो जपानच्या क्योसेरा कंपनीने बनवला होता. स्क्रीनवर फक्त ८ ओळी आणि एका ओळीत ४० अक्षरं. मेमरी जास्तीत जास्त ३२ किलोबाइट. पण चार पेन्सिल सेलवर तो साधारण २० तास चालायचा आणि आतल्या मोडेममुळे फोनच्या तारेवरून मजकूर पाठवता यायचा. त्यामुळे बातमीदारांमध्ये तो विशेष लोकप्रिय झाला. जुन्या संगणकांचे शौकीन आजही तो दुरुस्त करून वापरतात.

यात नेमकं काय बिघडतं?

या मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही. लिहिलेला मजकूर मेमरीतच राहतो. सेल संपले किंवा काढले तरी तो टिकावा म्हणून सर्किट बोर्डवर निकेल-कॅडमियमची एक छोटी रिचार्जेबल बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. कालांतराने ती गळते आणि त्यातलं क्षारयुक्त रसायन बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतं. जुने कपॅसिटरही असेच गळतात.

दुरुस्ती कशी करतात?

मशीन सुरू होत असेल, तर आधी सिरियल पोर्टमधून त्यातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. सेल आणि बॅटरी दोन्ही काढल्यावर मेमरी पुसली जाते. मग जुनी बॅटरी आणि खराब कपॅसिटर काढून बोर्ड स्वच्छ करतात. नवी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची आणि तितक्याच, म्हणजे ३.६ व्होल्टची चालते. साधा लिथियम बटण सेल तिथे थेट जोडणं धोक्याचं आहे. सर्किट त्याला चार्ज करू पाहतं आणि तो फुटू शकतो.

नवं काय जोडता येतं?

पूर्वी मजकूर साठवायला कॅसेट रेकॉर्डर लागायचा. आता सिरियल पोर्टला लावायचं एसडी कार्डचं उपकरण मिळतं. ते स्वतःला जुना डिस्क ड्राइव्ह भासवतं. मशीनच्या तळाशी जादा रॉमसाठी असलेल्या जागेत 'रेक्स' नावाचा छोटा बोर्ड बसतो. त्यात अनेक प्रोग्रॅम आणि मेमरीच्या प्रती ठेवता येतात. यासाठी काही कापावं लागत नाही, त्यामुळे हवं तेव्हा मशीन मूळ रूपात आणता येतं.

काही जण मात्र मूळ बोर्ड काढून आत नवा संगणक बसवतात. वेग वाढतो, पण जुनं उरतं ते फक्त कवच.

मशीन वापरायचं नसेल तरी एक काम टाळू नये. कपाटात ठेवण्यापूर्वी पेन्सिल सेल काढावेत आणि आतली जुनी बॅटरीही. बंद मशीनमध्येही ती गळतच राहते.