अटक, बंदी आणि वाळीत टाकणं : क्रिकेट लीगच्या अब्रूचा इतिहास



गेल्या खेपेस इथे उंबरमाळीत बोलणं संपल्यावर एका तरुणानं आम्हाला विचारलं होतं, "सर, खेळाडूला पोलिसांनी पकडलं म्हणजे तो गेलाच का?" कल्याणकडे जाणारी लोकल गाठायची होती, म्हणून आम्ही "पुढच्या वेळी बोलू" असं सांगून निघालो. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं क्रिकेटवर काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण हा प्रश्न नुसता क्रिकेटचा नाही. संशय आणि निर्णय यांत अंतर किती असावं, असा तो प्रश्न आहे.

आधी घटना सांगतो. तारीख १६ मे २०१३. आदल्या रात्री वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना झाला होता. त्यानंतर पहाटेपर्यंत दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलनं राजस्थानच्या तीन खेळाडूंना मुंबईत अटक केली: श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण. यातला चव्हाण मुंबईचा, डावखुरा फिरकी गोलंदाज, वय सत्तावीस. त्याच दिवशी दिल्लीच्या पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषद घेतली. जयपूरचा ५ मेचा सामना, मोहालीचा ९ मेचा आणि मुंबईचा १५ मेचा, या तीन सामन्यांत ठरावीक ओव्हरमध्ये ठरावीक धावा द्यायच्या असं बुकींशी ठरलं होतं, असा आरोप होता. कमरेला टॉवेल खोचणं ही खूण होती, असंही सांगितलं गेलं. टीव्हीवर त्या ओव्हर पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. काळ्या कापडानं तोंड झाकलेली ही मुलं पोलिसांच्या गराड्यात चालताना साऱ्या देशानं पाहिली.

पुढे २१ मे रोजी मुंबई पोलिसांनी सट्ट्याच्या प्रकरणात अभिनेता विंदू दारासिंग याला पकडलं आणि २४ मे रोजी चेन्नई सुपर किंग्जशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन याला. हा मय्यप्पन क्रिकेट मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांचा जावई. म्हणजे गोष्ट खेळाडूंपासून सुरू झाली आणि आठवड्याभरात मंडळाच्या घरापर्यंत गेली.

इथं आपल्या राज्याचा एक धागा आहे. खेळाडूंवर जो कडक कायदा लावला गेला तो महाराष्ट्राचा, १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. आपण त्याला मोक्का किंवा मकोका म्हणतो. मुंबईतल्या टोळ्यांसाठी तो केला होता, पुढे दिल्लीलाही लागू झाला. खंडणी आणि सुपारीच्या खुनांसाठी केलेला कायदा एका ओव्हरमधल्या धावांना का लावावा लागला? कारण सामना निश्चित करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. इंग्लंडमध्ये २०११ साली सलमान बट, मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर या पाकिस्तानी खेळाडूंना तुरुंगवास झाला, कारण तिथल्या जुगारविषयक कायद्यात पैजेत फसवणूक करणं हा गुन्हा लिहिलेला आहे. आपल्याकडे कर्नाटकच्या लीगमधल्या अशाच प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं, की सामना निश्चित करणं दंडविधानातल्या फसवणुकीच्या कलमात बसत नाही. शिस्तभंग आहे, तो मंडळानं पाहावा.

आता पुढे काय झालं ते क्रमानं पाहा. जून २०१३ मध्ये श्रीशांत आणि चव्हाण जामिनावर सुटले. सप्टेंबर २०१३ मध्ये मंडळानं दोघांवर आजन्म बंदी घातली. चंडिलावर ती २०१६ च्या जानेवारीत आली. मधल्या काळात, २५ जुलै २०१५ रोजी, दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयानं या खटल्यातल्या आरोपींना आरोपमुक्त केलं. आरोपमुक्त आणि निर्दोष यांत फरक आहे बरं का. निर्दोष ठरायला खटला पूर्ण चालावा लागतो. आरोपमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतकाही पुरावा समोर नाही. पोलिसांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अपील केलं. मंडळानं मात्र बंदी उठवली नाही.

तुम्ही म्हणाल, कोर्टानं सोडलं तर मंडळ कोण लागून गेलं? पण हे आपल्याकडेच पहिल्यांदा घडलेलं नाही. अमेरिकेत १९१९ च्या बेसबॉल अंतिम मालिकेत पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागोच्या आठ खेळाडूंवर होता. ऑगस्ट १९२१ मध्ये ज्यूरीनं खटला चाललेल्यांना निर्दोष ठरवलं. दुसऱ्याच दिवशी लीगचे आयुक्त लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. हे लँडिस स्वतः न्यायाधीश होते! ते नाव काळ्या यादीतून निघायला २०२५ उजाडलं. तेव्हा आठांपैकी एकही हयात नव्हता.

आपल्या अझरुद्दीनचंही तसंच. डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली नोव्हेंबर २०१२ मध्ये. बंदी आली तेव्हा तो सदतीस वर्षांचा, निकाल लागला तेव्हा एकोणपन्नासचा. कसोटी सामने नव्व्याण्णव. शंभरावा राहिला तो राहिलाच.

मंडळाच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर हे एकांगी होईल. फौजदारी कोर्ट माणसाला तुरुंगात घालतं, म्हणून तिथं गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मंडळ फक्त मैदानाबाहेर ठेवतं, म्हणून तिथं पुरावा थोडा कमी चालतो. पारडं कुठे झुकतं एवढं पाहतात. दोन चाळण्या आहेत, एकीची भोकं बारीक, दुसरीची मोठी. यात गैर काही नाही. अमेरिकन फुटबॉल लीगनं २००७ मध्ये आचारसंहिता कडक केली ती याच विचारानं. कोर्टात दोषी ठरला नाहीस एवढंच पुरेसं नाही, असं खेळाडूंना सांगितलं. घरात बायकोला मारणारा खेळाडू कोर्टातून तडजोडीनं सुटतो, तेव्हा लीगनं डोळे मिटून बसावं का? बसू नये.

पण त्याच लीगमध्ये काय झालं? २०१४ च्या फेब्रुवारीत रे राइस या खेळाडूला होणाऱ्या पत्नीला मारल्याबद्दल अटक झाली. लीगनं शिक्षा दिली दोन सामन्यांची. सप्टेंबरमध्ये लिफ्टमधल्या मारहाणीचं चित्रीकरण जगानं पाहिलं आणि त्याच दिवशी त्याच्या संघानं त्याला काढलं, लीगनं बेमुदत निलंबित केलं. कृत्य तेच होतं, बदललं होतं फक्त बघणाऱ्यांचं प्रमाण. म्हणजे शिक्षा गुन्ह्याची नव्हती, चित्राची होती. आमच्या मते या विषयाची खरी गाठ इथं आहे. लीग न्याय करते की अब्रू सांभाळते? दोन्ही कामं एकाच हातात असली की दुसरं पहिल्याला खाऊन टाकतं.

२०१३ मध्ये आपल्याकडेही तेच दिसलं. प्रतिमा उजळायला मंडळानं शुद्धीकरणाची मोहीम जाहीर केली. त्यात काय होतं? चीअरलीडर्स बंद, सामन्यानंतरच्या पार्ट्या बंद. सट्टा खेळला कुणी आणि घरी बसवलं कुणाला! (हशा) चौकशीसाठी मंडळानं आपणच दोन माजी न्यायाधीशांची समिती नेमली. ३० जुलै २०१३ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती समिती बेकायदा ठरवली. मग सर्वोच्च न्यायालय मध्ये पडलं, मुद्गल समिती आली, लोढा समिती आली. जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले. त्याच वर्षी पेप्सीनं मुख्य प्रायोजकाचा करार मुदतीआधी सोडला.

त्या रिकाम्या जागेत पुण्याचा संघ आला. २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून एका धावेनं हरला, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पण आपल्या तालुक्यानं २०१६ आठवावं. त्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं, कारण खेळपट्ट्यांना पाणी आणि माणसांना टँकर हे लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. तानसा, वैतरणा, भातसाच्या शेजारी राहून हंडे घेऊन फिरणाऱ्या आपल्या वाड्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कुणाला अटक नाही, कुणी आरोपी नाही, तरी लीगची अब्रू गेली. अब्रू फक्त खेळाडूच घालवतात असं नाही, एवढंच इथं नोंदवायचं.

परत मुद्द्यावर येतो. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं श्रीशांतची आजन्म बंदी बाजूला ठेवली. मंडळाला शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार आहे, पण शिक्षा प्रमाणात हवी, तिचा फेरविचार करा, असं सांगितलं. लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. २०२१ च्या जानेवारीत तो केरळकडून पुन्हा खेळला तो वानखेडेवरच, सदतिसाव्या वर्षी. चव्हाणची बंदीही २०२१ मध्ये मंडळानं सात वर्षांवर आणली. त्यानं चूक केली होती की नाही, हे आम्ही इथं ठरवणार नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की गोलंदाजाची सत्तावीस ते चौतीस ही वर्षं परत मिळत नाहीत. आपल्याकडे म्हणतात, थेंबानं गेलेली हौदानं येत नाही.

न्यायदर्शनात गौतमांनी सोळा पदार्थ सांगितले. संशय तिसरा, निर्णय नववा. मध्ये पाच आहेत: प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क. त्या काही जिन्याच्या पायऱ्या म्हणून सांगितलेल्या नाहीत, पण वर्गात शिकवताना आम्ही गमतीनं म्हणायचो, संशयावरून थेट निर्णयावर उडी मारली की मधल्या पाच जणांचा अपमान होतो. काळं कापड घातलेला चेहरा म्हणजे अशी उडी आहे.

आता हे सगळं शहाण्यासारखं सांगतोय, पण आमचंही एक देणं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरायच्या. बक्षीस समितीत आम्ही होतो. जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा होता, आमचाच विद्यार्थी, फार जोरात टाकायचा. एका स्पर्धेच्या रात्री कुणाची तरी सोन्याची साखळी गेली. त्या मुलाला रात्रभर चौकीत बसवलं. सकाळी साखळी मालकाच्याच घरात, उशीच्या अभ्र्यात सापडली. मुलगा सुटला. पुढच्या वर्षी संघांची नावं आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही. "यंदा राहू दे सर, लोक बोलतात," एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, "बरं" म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षीही तो आला नाही. मग आम्ही विचारणंच सोडलं.

गावकीनं एखाद्याचं हुक्कापाणी बंद करणं, वाळीत टाकणं, याविरुद्ध आपल्या विधिमंडळानं २०१६ मध्ये कायदा केला. अशा कायद्याची गरज पडली, कारण वाळीत टाकताना आरोप लिहून देत नाहीत, उत्तर ऐकून घेत नाहीत आणि शेवटची तारीख सांगत नाहीत. मंडळाची बंदी आणि गावकीचं वाळीत टाकणं यांत फरक असायला हवा असेल, तर तो या तीन गोष्टींतच आहे. आरोप लेखी असावा. माणसाला बोलू द्यावं. शिक्षेला मुदत असावी. चौथी गोष्ट आम्ही आमच्याकडून जोडतो: सुटला, तर ज्या आवाजात अटक सांगितली त्याच आवाजात सुटका सांगावी. २०१३ ची अटक देशाला पाठ आहे. २५ जुलै २०१५ ही तारीख इथल्या किती जणांना माहीत होती? हात वर करा. (दोन हात वर होतात.) पाहा.

तर त्या तरुणाच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. पोलिसांनी पकडलं म्हणून खेळाडू जात नाही. सुटून आल्यावर त्याचं नाव यादीत कुणी लिहीत नाही, तेव्हा तो जातो. आणि यादी दर वेळी मोठं मंडळच करत असतं असं नाही. इथल्या स्पर्धांच्या याद्या तुम्हीच करता. येत्या हंगामात एखादं नाव खोडताना कुणी "लोक बोलतात" म्हणालं, तर त्याला विचारा, काय बोलतात, आणि कोण. आम्ही त्या वेळी विचारलं नव्हतं.

वेळ झाली. प्रश्न असतील तर बसू थोडं, आज पुढची लोकल पकडू.