संमतीपत्राचा मागोवा

झोपडपट्टीच्या गल्लीत संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयाबाहेर टेबल मांडलं जातं. शाईचं पॅड, छापील संमतीपत्रांचा गठ्ठा, शेजारी बिल्डरचा माणूस. बाया पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, काढून आणतात. कोणी सही करतं, कोणी अंगठा उठवतं. आपल्या वस्तीचं काय करायचं, हे रहिवाशाला विचारणारा हा एकच कागद.

मुंबईत आधी तोही नव्हता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. पालिकेत तेव्हा निवडून आलेले सभासद होते, पण हे काम त्यांच्या हाती दिलं नाही. ट्रस्टवर सरकारने नेमलेली माणसंही होती. पैशाचा वाटा मात्र पालिकेने द्यायचा. नागपाड्यापासून पाडापाडी सुरू झाली, रुंद रस्ते आले, दादर-माटुंगा वसलं आणि पाडलेल्या चाळींतली गरीब माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. निर्णय सभागृहाबाहेर नेण्याची सवय मात्र मुरली ती मुरलीच.

१९७१ चा झोपडपट्टी कायदा आला, १९७६ च्या गणनेनंतर फोटोपास मिळाले. त्या पासाने माणूस सरकारदरबारी मोजला गेला. त्याला विचारलं कोणीच नव्हतं.

विचारणं आलं ते बिल्डर आल्यावर. १९९५ मध्ये युती सरकारने ४० लाख लोकांना मोफत घरं देण्याची घोषणा केली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, उभं राहिलं. अध्यक्ष मुख्यमंत्री, कारभार सनदी अधिकाऱ्याकडे. योजनेला ७० टक्के रहिवाशांची संमती हवी, अशी अट होती. नगरसेवकाकडे नळ-गटार मागणाऱ्या वस्तीत त्यामुळे नवा सत्ताधारी जन्मला: सोसायटीचा मुख्य प्रवर्तक. सह्या ज्याच्या मुठीत, बिल्डर त्याच्या दारात. आणि परिशिष्ट दोन या पात्रतेच्या यादीत कोण पात्र, कोण अपात्र, यावर घराघरांत फूट पडली.

ही अट तरी टिकावी! पुढे ७० चे ५१ टक्के झाले. धारावीत तर ती लागूच नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. धारावीच्या पुनर्विकासाचा प्रकल्प पुढे सरकत होता तेव्हा सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हता. संमती आणि नगरसेवक, मतदाराची ही दोन्ही दारं एकाच वेळी बंद राहिली, आणि माझ्या मते हा लोकशाहीवरचा सरळ अन्याय आहे.

म्हणून टेबल तुमच्या गल्लीत लागलं, तर घाई करू नका. आधी सर्वसाधारण सभा मागा, परिशिष्ट दोन वाचा, नकाशा आणि करारनामा मराठीत मागा. कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नका.