सातपुड्यापलीकडचे जबलपूर

पेशव्यांकडून १७९८ साली नर्मदाखोऱ्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला, आणि पुढे १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाल्यापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूरच्या कचेरीतले कागद नागपूरच्याच दप्तरी रुजू होत राहिले. म्हणून सातपुडा ओलांडणारी ही नागपूर-जबलपूर वाट मराठी माणसाच्या जुन्या परिचयाची आहे. वैमानिकी शिक्षणात ज्याला क्रॉस-कंट्री म्हणतात, त्या दूरपल्ल्याच्या उड्डाणाचे मर्म जाणून घेण्यास याहून उत्तम वाट मला दिसत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, तेव्हा मार्ग दाखविणारा रेडिओ त्यांच्या विमानात नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खालची भूमी हाच त्यांचा आधार होता. तीच विद्या शिकाऊ वैमानिकाला आजही प्रथम आत्मसात करावी लागते. स्वतःच्या विमानतळाभोवती घिरट्या घालताना हात तयार होतात, परंतु परिचित तळी आणि रस्ते त्याला वाट चुकूच देत नाहीत.

नागपूर ते जबलपूरचा डुमना विमानतळ हे अंतर सुमारे १३७ सागरी मैल. ताशी ९० मैलांच्या वेगाने निघालेल्यास रामटेक उजवीकडे टाकून ४३ मिनिटांत शिवनी पायाखाली दिसली पाहिजे. ती ४७ व्या मिनिटास दिसली, तर समोरचा वारा ध्यानी घेऊन पोहोचण्याची वेळ आणि उरलेले इंधन यांचा हिशेब त्याला, शेजारी कोणी गुरू नसताना, तेथेच नव्याने मांडावा लागतो. दिशेतली एका अंशाची चूक साठ मैलांनंतर एक मैलाची होते. पाच अंश चुकलेला जबलपूरपासून वीस किलोमीटरांहून अधिक दूर भरकटेल. येथे नर्मदा त्याची परीक्षा घेते: बरगी धरणाची भिंत जवळजवळ मार्गरेषेवरच आहे, तेव्हा खाली जलाशयाचा अफाट विस्तार लागला तर आपण उजवीकडे वाहवलो, आणि भेडाघाटची संगमरवरी घळ लागली तर डावीकडे, हे त्याने ओळखावे. शिवाय डुमना नागपूरपेक्षा सुमारे १८० मीटर उंच. घरच्या आकड्यांवर विसंबून तेथे उतरता येत नाही.

परतताना गोंदियाजवळच्या, दुसऱ्या महायुद्धकाळातील बिरसी धावपट्टीवर उतरून नागपूर गाठल्यास हा त्रिकोण ३०० सागरी मैलांहून किंचित अधिक भरतो. व्यावसायिक परवान्याचा नियमही किमान एवढ्याच पल्ल्याचे आणि दोन निरनिराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेणारे उड्डाण मागतो.