सायट्रिक ॲसिड पावडर: केटल साफ करण्याआधी हे वाचा

इलेक्ट्रिक केटलच्या तळाशी पांढरा थर बसला की प्रत्येक रील एकच उपाय सांगतं, सायट्रिक ॲसिड टाका. उपाय बरोबरच आहे. आमच्या फ्लॅटला टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, त्यामुळे मीही अर्धा किलोचं पाकीट मागवलं, कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतलं आणि पाकीट फेकून दिलं. दोन दिवसांनी रूममेटने साखर समजून चहात दोन चमचे घातले. दूध फाटलं, आम्ही हसलो.

पुढच्या रविवारी जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. केटल साफ करून उरलेलं आंबट पाणी मी बाथरूमच्या जाळीत ओतलं. तिथे रूममेटने थोड्या वेळापूर्वी ब्लीच टाकून ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं. काही सेकंदांत स्विमिंग पूलसारखा, पण कितीतरी उग्र वास आला. घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी. आम्ही दोघं बाहेर पळालो, खिडक्या उघडल्या आणि तासभर गॅलरीत बसलो. तो क्लोरीन वायू होता. खाण्याच्या पदार्थात चालणाऱ्या पावडरीने हा प्रकार होऊ शकतो हे इंजिनीअरिंगमध्ये केमिस्ट्री शिकूनही डोक्यात आलं नव्हतं.

हे नेमकं असतं काय?

किराणा दुकानात लिंबूफूल किंवा लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच हे. ढोकळा, सरबताचं सिरप, जॅम, घरचं पनीर, सगळीकडे वापरतात. १७८४ मध्ये कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने ते लिंबाच्या रसातून वेगळं केलं होतं. आज मात्र कारखान्यात त्यासाठी लिंबू लागत नाही. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी दाखवलं की ॲस्परजिलस नायगर नावाची काळी बुरशी साखरेपासून हे ॲसिड भरपूर बनवते, आणि आजही ते मुख्यतः तसंच बनतं. तेव्हा पाकिटावर लिंबाचा फोटो असला तरी आत बुरशीची मेहनत आहे.

खाद्यपदार्थांच्या लेबलवर ते आयएनएस ३३० किंवा ई३३० म्हणून दिसतं. ई३३० ने कॅन्सर होतो असा एक मेसेज अधूनमधून फिरतो. ती अफवा व्हॉट्सॲपपेक्षा जुनी आहे. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये टाइप केलेल्या एका पत्रकातून ती पसरली होती. आपल्या पेशींमध्ये सायट्रिक ॲसिडचं जे चक्र चालतं त्याला शोधकर्त्याच्या नावावरून क्रेब्स सायकल म्हणतात, आणि जर्मन भाषेत 'क्रेब्स' म्हणजे कॅन्सर. गोंधळ त्यातून झाला असावा असं मानलं जातं.

खरा धोका वेगळा आहे, तीव्रतेचा. लिंबाच्या रसात साधारण ५ ते ६ टक्के सायट्रिक ॲसिड असतं, पावडरीत जवळपास सगळंच ॲसिड. एक सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम धरलं तर तीन-चार लिंबांचा रस त्यात आला. नुसती पावडर जिभेवर ठेवायचं चॅलेंज कुणी दिलं तर नाही म्हणा, तोंड सोलवटतं आणि दातांचं एनॅमल झिजतं. आंबट सरबत प्यायल्यावरही लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या.

कशात मिसळायचं नाही

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट असलेलं काहीही. कपड्यांचं ब्लीच, काही टॉयलेट क्लीनर, काही फरशी क्लीनर. नाव पाहून कळत नाही, म्हणून बाटलीमागची बारीक अक्षरं फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा. बादलीत मिसळणं तर नकोच, पण एकाच बेसिनमध्ये पाठोपाठ ओतणंही नको. चुकून झालंच तर आधी बाहेर पडा, मग खिडक्या-पंख्यांचं बघा. वास कुठून येतोय ते बघायला वाकू नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट खाण्याचा सोडा. दोन्ही एकत्र फसफसतात, त्यात विषारी काही नाही, इनोच्या पाकिटात हीच जोडी कोरडी भरलेली असते. पण बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचा प्रयोग करू नका. जेमतेम २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि अडीच ग्रॅम सोडा मिळून साधारण पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. अर्ध्या लिटरच्या बंद बाटलीत हा दाब कुठे जाणार? काचेची बाटली असेल तर तुकडे तुमच्याकडे येतात.

ठेवायचं कसं

आता माझी पद्धत सांगतो. मूळ पाकीट फेकायचंच नाही. ते झिप बॅगेत आणि ती बॅग बरणीत. बरणीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख. कोडमध्ये व्हेरिएबलला 'टेम्प' नाव देणाऱ्याला आम्ही शिव्या घालतो, मग स्वयंपाकघरात बिननावाची बरणी का चालवून घ्यायची? साखर, मीठ, सोडा, सायट्रिक ॲसिड, सगळं पांढरंच दिसतं. साखरेच्या शेजारी तर ठेवूच नका, आणि घरात लहान मूल असेल तर वरच्या फळीवर.

बरणी काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची घ्या. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड नको, ॲसिड ओल धरून धातू खातं. काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकणही काही महिन्यांत गंजतं, हे मी बघितलंय.

पावसाळ्यात ही पावडर हवेतलं पाणी ओढते आणि दगड होते. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गोळा झाला म्हणजे खराब झाली असं नाही. कोरड्या चमच्याने फोडा. मिक्सरमध्ये फिरवलीत तर झाकण लगेच उघडू नका, भुकटी खाली बसू द्या, नाहीतर पहिल्या श्वासाला ठसका लागतो. दमा असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. ओला चमचा कधीच घालू नका. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर बरणीवर दव धरतं. गॅसजवळची फळीही टाळा, वाफ तिथेच जाते.

आणि ओट्याकडे लक्ष द्या. कडप्पा, शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड आहेत. केटलमधला थर ज्या रसायनाचा, तेच यात आहे, त्यामुळे सांडलेलं द्रावण फरशीही खातं आणि तिथे पुसला न जाणारा फिकट डाग राहतो. आमच्या ओट्यावर एक आहे, घरमालकांना अजून दिसलेला नाही.

विकत घेताना

खाण्यासाठी हवं असेल तर क्लीनिंगसाठी विकलं जाणारं स्वस्त पाकीट घेऊ नका. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. ॲनहायड्रस आणि मोनोहायड्रेट असे दोन प्रकार दिसतील. दुसऱ्यात वजनाच्या साधारण ८.६ टक्के पाणी असतं, घरच्या वापरात तेवढ्याने फरक पडत नाही.

केटलसाठी प्रमाण

एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. पाणी आधी, पावडर नंतर, हळूहळू. प्लग काढून अर्धा तास ठेवा. उकळू नका, कारण गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि नवा पांढरा थर बसू शकतो. मग दोनदा धुवा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या, तेही आधी जाळीत ब्लीच टाकलेलं नाही ना ते विचारून.

हाताला लागलं तर पाण्याने धुतलं की पुरे. डोळ्यात कण गेला तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, नळाच्या मंद धारेखाली पापणी उघडी धरून १५ मिनिटं डोळा धुवा आणि तरीही झोंबत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना पाकिटाचा फोटो फोनमध्ये असू द्या, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, काय गेलंय डोळ्यात?