नागपूर राज्य : न विचारलेल्या प्रजेचा इतिहास

महाराष्ट्राची उपराजधानी म्हणून आज नागपूर ओळखले जाते. यातला 'उप' आता आपल्या अंगवळणी पडला आहे. परंतु या नगराने दोनशेहून अधिक वर्षे राजधानीचा मान भोगला, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. तो मान कसा आला, कसा गेला, आणि येता-जाता येथील रहिवाशांना कोणी काही विचारले काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसवले. पुढे १७४३ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांनी येथे आपली सत्ता स्थापली. भोसल्यांचे राज्य ओरिसात कटकपर्यंत पसरले. मात्र १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक इंग्रजांकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. गादी राहिली, पण सत्ता रेसिडेंटच्या हाती गेली. १८२१ मध्ये कामठीला इंग्रजांची छावणी उभी राहिली. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. दत्तक घेण्याचा राण्यांचा हक्क लॉर्ड डलहौसीने मानला नाही व १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात निघाले. प्रजेने ते उघड्या डोळ्यांनी पाहिले; तिचे मत विचारण्याची कल्पनाही कोणास शिवली नाही.

आपल्या ख्रिस्तसभेचा येथील इतिहास याच काळात सुरू होतो. कामठीच्या छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी असत आणि त्यांतील कॅथलिक शिपायांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या आध्यात्मिक सेवेसाठी धर्मगुरूंची गरज होती. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने फादर पीटर मेर्मिए यांनी अॅनेसी येथे १८३८ मध्ये स्थापलेल्या संघाचे पहिले मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणला उतरले. नागपूर आणि कामठीचा मुलूख त्यांच्याच मिशनक्षेत्रात येत होता. तेव्हा येथे भोसल्यांची गादी अजून शाबूत होती.

या मिशनऱ्यांच्या मायभूमीची कथाही ध्यानात घेण्याजोगी आहे. अॅनेसी हे गाव सव्हॉय प्रांतातले, आणि सव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होता. नागपूर खालसा झाल्यावर सहाच वर्षांनी, १८६० मध्ये, एका तहान्वये तो प्रांत फ्रान्सला देण्यात आला. तेथे मात्र एप्रिल महिन्यात लोकांचे मतदान घेतले गेले. ते मतदान किती निर्भेळ होते याविषयी इतिहासकारांना शंका आहे. तथापि प्रजेला विचारले पाहिजे, एवढे तरी राज्यकर्त्यांना मान्य करावे लागले. नागपूरच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

२ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला. मराठी आणि हिंदी मुलूख एका कारभाराखाली आले व नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडही याच प्रांताला जोडला गेला. १९२३ मध्ये विद्यापीठ आले, १९३६ मध्ये उच्च न्यायालय. राजधानीला लागणारे सारे वैभव येथे उभे राहिले. १९५० मध्ये याच प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, तरी राजधानी नागपूरच होती.

स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न ऐरणीवर आला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नेत्यांनी नागपूर करार केला. विदर्भाला विकासनिधीत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन, अशी आश्वासने त्यात होती. पुढे फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. लोकनायक बापूजी अणे हे त्या मागणीचे पुरस्कर्ते होते. उलट, सर्व मराठी भाषकांचे एकच राज्य व्हावे ही आकांक्षाही तितकीच प्रामाणिक होती, आणि तिचा जय झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी संपली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

नव्या राज्यात विदर्भाची केवळ उपेक्षाच झाली, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक हे मुख्यमंत्री विदर्भानेच दिले. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. परंतु विकासाचा अनुशेष मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली, हेही खरे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. दरम्यान, जुन्या मध्य प्रांतातील छत्तीसगड २००० मध्ये स्वतंत्र राज्य झाले. विदर्भाचा प्रश्न मात्र निवडणुकीच्या सभांतून उठतो आणि तेथेच विरतो.

ख्रिस्तसभेच्या सीमाही या काळात बदलत गेल्या. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. अलेक्सिस रिक्काझ हे त्याचे पहिले बिशप. नागपूर करार झाला त्याच महिन्यात, सप्टेंबर १९५३ मध्ये, नागपूर महाधर्मप्रांत झाले. १९५५ मध्ये अमरावतीचा वेगळा धर्मप्रांत झाला. या रेषा रोममध्ये आखल्या गेल्या; त्याही वेळी सामान्य भाविकास कोणी विचारले नव्हते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही एक फरक राहतो. राजधानी गेली म्हणून कोणत्याही धर्मग्रामाची घंटा थांबली नाही. पलटणीबरोबर आलेले तमिळ कुटुंब, रेल्वेत नोकरीला लागलेले गोवेकर कुटुंब आणि येथील मराठी कुटुंब एकाच वेदीपुढे गुडघे टेकत राहिले.

राज्य हे केवळ नकाशावरील रेषेने बनत नाही. एकत्र राहण्याचा निर्णय जेथे माणसे स्वतः घेतात, तेथे ते खऱ्या अर्थाने जन्माला येते. विदर्भ स्वतंत्र असावा की महाराष्ट्रातच राहावा, याविषयी आपल्या घराघरांत मतभेद असतील आणि ते असू द्यावेत. परंतु चिखलदऱ्याच्या कोरकूला, गडचिरोलीच्या गोंडाला आणि यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्याला न विचारता यापुढे कोणतीही रेषा आखली जाऊ नये, एवढी मागणी आपण सर्वांनी एकमुखाने करावयास हरकत नाही. गोंडांनी वसवलेल्या या नगराचे तेवढे ऋण आपल्यावर आहे.