मलबारच्या दस्तरखानावरील इतिहास

वाचकहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु सामान्य माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा इतिहास शोधावयाचा कोठे? केरळच्या मलबार किनाऱ्यावरील मापिळा मुसलमानांपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात सापडते.

मलबारची काळी मिरी घेण्यासाठी अरब व्यापारी फार प्राचीन काळापासून तेथे येत असत. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आलेली गलबते ईशान्येचे वारे सुटल्याखेरीज परत जाऊ शकत नसत. या मुक्कामात अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी निकाह केले. 'मापिळा' या शब्दाचा एक अर्थ 'जावई' असाच सांगतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कालिकत व उत्तर मलबारातील कित्येक मुस्लिम घराण्यांत घर मातेकडून चालत येई. पती पत्नीच्या घरी येई. म्हणजेच वडील समुद्रापलीकडचे असले, तरी चूल मात्र आईची होती!

या एका गोष्टीने तेथील ताटाचा उलगडा होतो. गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेला 'अलीसा' हा अरबांचा हरीसच होय. परंतु मलबारची रोजची 'पत्तिरी' पाहा. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, पातळ लाटून ती तव्यावर भाजतात आणि वर नारळाचे दूध घालतात. तलश्शेरीची बिर्याणी लांब बासमतीची नसते, ती 'कैमा' नावाच्या बारीक, आखूड तांदळाची असते. पिकलेली केळी उकडून, त्यांत खोबरे व साखर भरून तळलेला 'उन्नक्काया' हाही त्याच मातीचा. नव्या जावयाच्या सत्कारात असे पदार्थ एकामागून एक मांडले जातात.

शेजारच्या हिंदू घरी ओणमला केळीच्या पानावर 'सद्या' वाढतात, तर सुरियानी ख्रिस्ती घरी 'अप्पम' होते. पदार्थ निराळे, परंतु तांदूळ, नारळ, केळी आणि कढीपत्ता तेच!

आणखी एक गंमत पाहा. 1498 मध्ये वास्को द गामा मलबारला आला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये कालिकतची मिश्कल मशीद जाळली. ती पुन्हा उभारण्यात आली व आजही उभी आहे. परंतु त्याच पोर्तुगीजांच्या मार्गाने अमेरिकेतील मिरची हिंदुस्थानात आली आणि मलबारच्या कालवणातही शिरली. अंड्याच्या बलकाचे तार साखरेच्या पाकात सोडून केलेल्या 'मुट्टमाला'सारखी मिठाई पोर्तुगालमध्येही करतात. मासळीबरोबर खाल्ला जाणारा 'कप्पा' हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द 1880 ते 1885) यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले आणि तो गरिबांचा आधार झाला.

विद्यार्थी मित्रांनो, 'तुम्ही मूळचे कोठले?' असा प्रश्न कधी कोणी खोचकपणे विचारला, तर मान खाली घालू नका. बाहेरून आलेले आणि येथे पिकलेले एकाच पातेल्यात कसे शिजते, हे मलबारच्या मातांनी दाखवून दिले आहे. आपल्या कोकणातही अरबांची गलबते येत होती. येथील मुस्लिम घरांतही तांदळाची भाकरी भाजली जाते आणि नारळाचा रस काढला जातो.

सुज्ञ पालकहो, लढायांचा इतिहास लेखणी हाती असलेल्यांनी लिहिला. चुलीचा इतिहास मात्र आपल्या आजींनी केवळ हातांनी जपला. तो हात थांबला की ते ज्ञानही संपते. म्हणून आपल्या मुलामुलींना या सुट्टीत आजीजवळ बसवा, एक तरी पदार्थ तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेण्यास सांगा. 'हे तुला कोणी शिकवले?' एवढे तिला जरूर विचारू द्या. इतिहासाचा पहिला धडा तेथूनच सुरू होईल.